गुण की नमस्कार

काष्टी, ता. श्रीगोंदे
वैशाख शुद्ध पंचमी, शके १८९३

तीर्थस्वरूप दाजींच्या चरणी रंगनाथाचा साष्टांग नमस्कार. (हा निव्वळ नमस्कार आहे, यात दुसरा काही डाव नाही. हल्ली आमच्याकडे नमस्कार केला की असं कंसात लिहून द्यावं लागतं. का, ते पुढे येईलच.) आपली तब्येत कशी आहे? नगरला सावेडीचा बंगला आता राहण्याजोगा झाला असेल. मागे आलो तेव्हा दार बसलं होतं, दाराला घंटी बसली होती, फक्त खिडक्या बसायच्या राहिल्या होत्या. त्यामुळे मी शहरी रीतीने घंटी वाजवत उभा, आणि आक्का खिडकीच्या भगदाडातून "आत ये की रे" म्हणून ओरडत होती. तिचे गुडघे काय म्हणतात? तिला म्हणावं, जिना चढणं कमी कर. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, तेव्हा सर्व क्षेम आहे. आता खरं लिहितो.

आपण जमवलेली सोयरीक, म्हणजे आमच्या थोरल्या बंधूंची, आबासाहेबांची चांगुणा आणि बोरवाडीच्या मच्छिंद्ररावांचा छगन, मोडता मोडता वाचली, आणि मोडण्यात काय किंवा वाचण्यात काय, माझ्या उजव्या पायाचा फार मोठा हात आहे. (वाक्य विचित्र झालंय, पण प्रसंगच तसा आहे.) साखरपुड्याच्या दिवशी आपण म्हणाला होतात की घराणं खानदानी आहे, मुलगा साखर कारखान्यात आहे, आणि कुणाच्या पायात पाय घालणारा नाही. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या. तिसरीबद्दल एवढंच लिहितो की मुलगा हुतूतू खेळतो, आणि हुतूतूच्याच जोरावर त्याला कारखान्यात घेतलाय. ऊस मोजायच्या काट्यावर त्याची नेमणूक आहे म्हणतात, पण त्याला काट्यावर बसलेला पाहिलेला माणूस मला अजून भेटायचाय. एरवी तो कारखान्याच्या संघातून खेळतो आणि जत्रेला आपल्या गावाकडून. म्हणजे पोटासाठी खेळणारा गडी. त्याने एखाद्या सामन्यात हलगर्जीपणा केला असं वरच्या साहेबाच्या कानावर गेलं, तर त्याला काटाही जायचा आणि रोजीही जायची.

काष्टीच्या बाजूने उजवा कोपरा मी सांभाळतो. (आक्काला वाटतं मी खेळणं केव्हाच सोडलं. पत्र तिला वाचून दाखवाल तेव्हा तिला आवरा.) माझं वय झालं असं गावात काही लोक पारावर बसून म्हणतात. म्हणोत बापडे, पारावर बसायला वय लागत नाही, कोपऱ्यात उभं राहायला लागतं. आजवर माझ्या हातात घोटा आला आणि निसटला असं दोनदाच झालंय. एकदा त्या घोट्याला तेल लावलेलं होतं, आणि एकदा तो घोटा आमच्याच गड्याचा होता.

जत्रेचा सामना आपल्याला ठाऊक आहे. नगरच्या कुणा गुळाच्या व्यापाऱ्याने फार वर्षांपूर्वी चांदीचा मुलामा दिलेली एक ढाल ठेवली, आणि त्या दिवसापासून दोन गावांमध्ये गूळ सोडून बाकी सगळं कडू झालं. जिंकेल त्याने वर्षभर ढाल ठेवायची. बरोबरी झाली तर ढाल जिथे आहे तिथेच राहायची. गेल्या वर्षी ती आम्ही जिंकली. चावडीतल्या पिण्याच्या पाण्याच्या रांजणावर ती अशी काही नेमकी बसते की रांजणाचं मूळ झाकण कुणी कुठे नेलं याची कुणी चौकशीही केली नाही. तेव्हा ढाल जाणं म्हणजे नुसतं नाक जाणं नव्हतं, पाण्यात चिमण्या पडणंही होतं.

पंच म्हणून दोन्ही गावांना सारखाच परका असा माणूस पाहिजे होता, म्हणून नगरच्या एका हायस्कुलातले ड्रिलचे कादरमास्तर आणले. माणूस सरळ. त्यांच्यापाशी नियमांचं छापील पुस्तक असतं आणि शिट्टीपेक्षा त्यांचा भर पुस्तकावर. आल्या आल्या त्यांनी दोन्ही संघांना उभं करून सांगितलं की पुस्तकाप्रमाणे दम घेताना 'हुतूतू' म्हणायचं नाही, 'कबड्डी' म्हणायचं. त्या दिवशी काष्टी आणि बोरवाडी यांचं ज्या एकाच गोष्टीवर एकमत झालं ती ही, की मास्तर म्हणतात तसं म्हणायचं नाही.

तर शेवटच्या चढाईला गुण सारखे. छगन आमच्या अंगणात आला. आमचे गडी मागच्या रेषेला चिकटलेले, मी कोपऱ्यात, ऊन थेट डोळ्यांवर आणि रेषांवरच्या फक्कीचा धुरळा नाकात. छगन डावीकडे झुकला, उजवीकडे झुकला, आणि एकदम माझ्या उजव्या पायाशी वाकला. आता दाजी, आपणच सांगा. साखरपुडा झालेला आपल्या घरचा जावई पायाशी वाकला तर माणसाच्या तोंडून काय निघतं? "औक्षवंत हो!" मी म्हणून मोकळा झालो. नुसतं म्हणालो असतो तर एक वेळ निभावलं असतं, पण हातही गेला. जो हात घोट्याकडे जायचा तो त्याच्या डोक्यावर आशीर्वादाला अधांतरी उभा राहिला. इतक्या वर्षांची मेहनत एकीकडे आणि आईने लावलेलं वळण एकीकडे, त्यात आई जिंकली. आणि छगन! तोही खानदानी. आशीर्वाद पुरा होईस्तोवर वाकलेलाच राहिला, तोंडाने हुतूतू चालूच, मग उठला आणि मध्यरेषा ओलांडून आपल्या अंगणात गेला.

बोरवाडीने टोप्या उडवल्या. पायाला हात लावून गडी दमात परत आला, म्हणजे मी बाद, गुण त्यांचा, ढाल त्यांची. त्यांचा ढोल सुरू झाला, आमचा ढोलवाला ढोल उलटा ठेवून त्यावर बसला. कादरमास्तरांनी शिट्टी फुंकली, पुस्तक उघडलं, चाळलं, मिटलं. पुस्तकात हाताचा स्पर्श आहे, पायाचा स्पर्श आहे, अंगावरच्या कपड्याचासुद्धा आहे, पदस्पर्श नाही. शेवटी त्यांनी हात आडवा हलवून निकाल दिला की गुण नाही. कारण विचारलं तेव्हा म्हणाले की बाद झालेला गडी शिवी देतो असा त्यांचा आजवरचा अनुभव आहे, या गड्याने आशीर्वाद दिला. ज्या अर्थी आशीर्वाद झाला, त्या अर्थी आधी नमस्कार झाला, आणि नमस्काराला गुण नाही. सामना बरोबरीत, ढाल काष्टीत.

त्यानंतर आमच्या लोकांनी मास्तरांना खांद्यावर घेतलं आणि त्यांच्या लोकांनी खांद्यावरून ओढलं. मास्तर हुशार. हातातून निसटून ते जत्रेतल्या उंच पाळण्यात जाऊन बसले आणि पाळणेवाल्याला म्हणाले की मी सांगेपर्यंत खाली घेऊ नकोस. दिवेलागणीपर्यंत निकाल वर होता आणि तक्रारी खाली.

इलेक्शन नुकतंच होऊन गेलेलं, पेरणीला अवकाश, त्यामुळे दोन्ही गावांकडे भांडायला दुसरं काही नव्हतं. (हा निकाल भाद्रपदात लागला असता तर दोन दिवसांत विसरले असते.) बोरवाडीचं म्हणणं असं की मैदानात सासरा नाही आणि जावई नाही, फक्त गडी आहेत; शिवाय साखरपुडा म्हणजे काही लग्न नव्हे, त्यामुळे रंगनाथ हा त्या दिवशी छगनचा चुलतसासरा लागतच नव्हता; शिवाय तोंडाने हुतूतू म्हणत नमस्कार कोण करतं? यावर आमचे सरपंच श्रीमंतराव म्हणाले की तोंडाने काय वाटेल ते म्हणत नमस्कार करणारे आम्ही गेल्याच महिन्यात मतं मागताना पाहिले. बोरवाडीतल्या एकाने, मास्तर मुसलमान, त्यांना नमस्कारातलं काय कळणार, असंही बोलून पाहिलं. पण बोरवाडीचा सगळ्यात दांडगा गडी हैदर आहे. तो नुसता वळून बघत राहिला, आणि तो मुद्दा तिथेच मिटला. माझ्यावरही आळ आला. मी म्हणे जाणूनबुजून, कपटाने आशीर्वाद दिला. आशीर्वादात कपट! दाजी, आमचं घराणं शिव्या देताना कपट करत नाही, तिथे आशीर्वादाची काय कथा.

बाजारच्या दिवशी तर कहर झाला. बोरवाडीचा माणूस आमच्या बाजारात म्हैस घ्यायला आला की म्हशीचे दात बघायच्या आधी मालकाला विचारायचा, "गुण का नमस्कार?" आणि उत्तर ऐकून पुढे जायचा. आमच्या न्हाव्याने बोरवाडीच्या एका गिऱ्हाईकाची अर्धी दाढी केली, मध्येच हा विषय निघाला, आणि अर्ध्यावर वस्तरा मिटला. तो गृहस्थ उरलेली अर्धी गमछ्याखाली झाकून गेला. गावात पोरांनी वडीलधाऱ्यांच्या पाया पडणं बंद केलं, आणि वडीलधारे कुणी जवळ आलं की पाय धोतरात ओढून घ्यायला लागले. आमच्या शेजारच्या सूनबाई सणाच्या दिवशी सासूच्या पायाशी वाकल्या तर सासू म्हणाली, "व्हय गं, मी बाद का ऱ्हायले?" एवढा सगळा ऊहापोह झाला, मास्तरांना विचारलं, छगनला विचारलं, रेषेवरच्या फक्कीवाल्याला विचारलं, पाळणेवाल्यालाही विचारलं कारण त्याला वरून दिसलं असेल. पण ज्याचा पाय त्याला कुणी विचारेना. याचा मला फार राग आला, तो अजून आहे.

या सगळ्यात सोयरीक अडकली. आबासाहेबांचा स्वभाव आपल्याला माहीत आहे. एकदा नाही म्हणाले की जेवणाला पण नाही म्हणतात. ते म्हणाले, बोरवाडीकर गुण मागतात म्हणजे तो नमस्कार नव्हता असं तेच कबूल करतात. सासरच्या माणसाच्या पायाशी लबाडीने वाकणाऱ्या पोराला मी मुलगी देत नाही. आधी नमस्कार कबूल करा, मग मांडव. मच्छिंद्रराव म्हणाले, नमस्कार कबूल केला तर आम्ही हरलो असं होतं. माझ्या गावाची ढाल घालवून मला सून नको. आधी गुण कबूल करा, मग मांडव. म्हणजे गुण खरा तर लग्न मोडलं, आणि नमस्कार खरा तरीही लग्न मोडलं. आपण जमवलेल्या सोयरिकीत इतका पक्का पेच असेल असं मला वाटलं नव्हतं.

आणि चांगुणा. घरात कुणी तिच्यासमोर हा विषय काढत नव्हतं, म्हणजे तिची पाठ वळली की सगळे तेच बोलत होते. भाकरी थापताना पोरीचा हात थांबायचा आणि तव्यावरची करपायची. सामन्याहून आलो की माझ्या घोट्याला हळद लावून पट्टी बांधायचं काम ती परकर नेसायची तेव्हापासून तिचं आहे. तशी पट्टी बांधताना एकदा मान वर न करता तिने विचारलं, "तात्या, त्येंचा हात लागला हुता का तुमच्या पायाला?" बघा, अख्ख्या दोन गावांत नेमका प्रश्न नेमक्या माणसाला विचारणारी ही एकटी. मी म्हणालो, लागला. ती म्हणाली, "मग ठीक हाय," आणि पट्टीची गाठ अशी आवळली की रात्री मला ती सोडून झोपावं लागलं. मला त्या पोरीचं फार वाईट वाटलं, दाजी. ढाल गेली खड्ड्यात असं मनात आलं. (हे काष्टीत कुणाला सांगू नका.)

अखेर दोन गावांच्या शिवेवरच्या चिंचेखाली बैठक ठरली. कादरमास्तर आले, पण सायकल नगरकडे तोंड करून लावली आणि बैठक संपेपर्यंत तिच्या दांडीवरचा हात काढला नाही. प्रात्यक्षिक झाल्याशिवाय कळायचं नाही असं ठरलं. मला भर उन्हात कोपऱ्यासारखं उभं केलं, छगनला वाकायला लावलं. बोरवाडीचे दोघे आणि आमचे दोघे जमिनीवर पालथे पडून हात कुठून आला ते बघत होते. एक म्हणाला अंगठा आधी लागला, म्हणजे गुण. दुसरा म्हणाला तळवा लागला, म्हणजे नमस्कार. पुन्हा वाक म्हणाले. छगन वाकला. पुन्हा म्हणाले. माझ्या एका पायाला इतके नमस्कार माझ्या लग्नातसुद्धा मिळाले नव्हते. पोराने एकदाही तोंड वाकडं केलं नाही. दर वेळी हात पायावर पुरता टेकवायचा, आणि उठताना एकदा माझ्याकडे बघायचा.

मग त्यालाच विचारलं. पोरगा खेळायला चपळ, बोलायला मंद. आधी हातावरची माती पुसली. मग म्हणाला, "मी गडी माराया गेल्तो. खाली वाकलो तर तात्यांचा पाय. मग काय, नमस्कारच झाला की." म्हणजे निघाला तेव्हा गुण होता आणि पोचेपर्यंत नमस्कार झाला. दोन्ही बाजू एकदम ओरडल्या की बघा, आमचंच खरं. मास्तर म्हणाले की पुस्तकात मन वाटेत बदलण्याबद्दल काहीही नाही, आणि दुसरा हातही सायकलवर ठेवला.

आता डोकी फुटणार असं दिसायला लागलं तेव्हा मनकर्णावहिनी बायकांमधून उठून पुढे आल्या. (आबासाहेबांच्या संसारात वहिनींनी चारचौघांत बोलायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे आबासाहेब आधी दुसऱ्या कुणाचं कुटुंब समजून बघत राहिले.) त्या म्हणाल्या, "ढाल पोरीच्या रुखवतात मांडा. पोटची पोर द्यायला तयार झाला, आन् पत्र्याची ढाल द्यायला जीव तुटतोय व्हय?" मग हळूहळू एकेकाच्या टाळक्यात उजेड पडला. निकाल काष्टीचा, तो तसाच राहिला. ढाल बोरवाडीला, पण जिंकून नाही, सुनेबरोबर रुखवतात. मच्छिंद्ररावांना ढाल मिळाली, आबासाहेबांना नमस्कार मिळाला. हरलं कुणीच नाही, त्यामुळे दोन्हीकडचे बरेच लोक नाराज होऊन घरी गेले. श्रीमंतरावांनी एवढीच अट घातली की बोरवाडीने रांजणाला झाकण द्यावं. तेही कबूल झालं.

तरी लग्न वैशाख वद्य द्वितीयेला सकाळच्या मुहूर्तावर आहे. आपण आणि आक्काने चार दिवस आधी यावं. मुक्कामाची सोय आमच्याकडेच, खिडक्या आहेत. वडीलधाऱ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. (हे दोन्ही निव्वळ आहेत.)

आपला आज्ञाधारक मेहुणा,
रंगनाथ

ता. क. हे पत्र घेऊन येणाऱ्या माणसाजवळ गोणपाटात गुंडाळलेलं जे आहे ती ढाल आहे. खरं तर पत्र तिच्यासाठीच लिहायला बसलो होतो. कापडबाजारात आपल्या ओळखीचा भांड्यांवर नावं घालणारा आहे, त्याच्याकडून तिच्यावर 'चि. सौ. कां. चांगुणा हिस काष्टीकरांकडून सप्रेम भेट' असं घालून घ्या. अक्षर ठसठशीत असू द्या. 'विजेता संघ काष्टी' हे जुनं अक्षर पुसलं जाईल असं बोरवाडीच्या लोकांना वाटतं आहे. ते पुसायचं नाही. त्याच्याच खाली घालायचं.

ता. क. दुसरा. (आक्काला वाचून दाखवत असाल तर इथे थांबा आणि म्हणा, संपलं.) दाजी, छगनचा हात माझ्या पायाला लागलाच नाही. ना गुणासाठी, ना नमस्कारासाठी. ऊन माझ्या डोळ्यांवर, पाय मागे घेणं मला जमलं नसतं. बोट टेकवलं असतं तर ढाल त्याची होती. तो वाकला, मान वर करून त्याने माझ्याकडे बघितलं, आणि हात वीतभर वरच थांबवला. आपल्या गड्याने हात आखडला हे बोरवाडीला कळलं तर पोराला गावात कुणी उभं करणार नाही, आणि कारखान्यात तर नाहीच नाही. म्हणून मी "औक्षवंत हो" म्हणालो, मास्तरांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, आणि डोक्यावर हात, तोही वीतभर वरच, धरून त्याला वाकलेलाच ठेवला, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की हात पोचला. आईच्या वळणाचं वर लिहिलंय ते शोभेसाठी आहे. त्यात ढालही आमच्याकडे राहिली, त्याला माझा इलाज नव्हता. मास्तरांचा निकाल बरोबर होता, फक्त का बरोबर होता ते त्यांना ठाऊक नाही. चांगुणेला मी 'लागला' म्हणून सांगितलं; खरं काय ते तिला लग्नानंतर त्याच्याकडूनच कळू दे, ते ऐकण्यात तिला जास्त गोडी आहे. पोरगा आपण चांगला शोधलात, दाजी. एवढं सांगायचं होतं. हा खालचा तुकडा फाडून चुलीत घाला. अगदी वरचा नमस्कार मात्र राहू द्या. त्यात हात पुरता टेकलेला आहे.